अक्काच्या पेटीखालचा सायलेन्सर

मी एक जुनी डिझेल बस आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाकं मुरडू नका. माझे ब्रेक एका दाबात लागतात, एक सोडली तर सगळ्या काचा शाबूत आहेत आणि सातपुड्याच्या पायथ्याचे चढ मी अजून कुणालाही ढकलायला न लावता चढते. माझं गाव रावेरजवळ, केळीच्या बागांमधलं. मालक लोटन नाना. मला चालवतात तेच, धुतात तेच आणि माझ्यावर ओरडतातही तेच.

माझा सांगाडा आणि इंजिन मोठ्या कारखान्यात तयार झालं, पण मला बसचं रूप दिलं धुळ्याच्या एका मिस्त्रीनं. मोठा दूरदृष्टीचा माणूस. ड्रायव्हरच्या मागे, चालायच्या वाटेत, त्यानं जमिनीला एक चौकोनी झाकण ठेवलं आणि चार बोल्टांनी आवळलं. त्या झाकणाखाली माझा सायलेन्सर होता. सायलेन्सर म्हणजे धुराच्या नळीवरचा लोखंडी डबा. इंजिनाचा आवाज त्यात शिरतो वाघासारखा आणि बाहेर पडतो मांजरासारखा. माझा डबा बसवला होता सांगाड्याच्या दोन तुळयांच्या बेचक्यात, पुढे डिझेलची टाकी, खाली स्टेपनी. खालून हात घालायचा तर मनगटाला तीन सांधे हवेत. म्हणून ते वरचं झाकण.

पहिली काही वर्षं मी चाळीसगावच्या माणकचंद शेठकडे होते. त्यांच्या घरची मंडळी यात्रेला निघाली की चपला काढून माझ्यात चढायची. असा मान तुम्हाला तरी कुणी दिलाय का? पण पुढे त्यांच्या दारात थंड हवेची बस आली आणि मी लोटन नानांकडे. मला वाटलं, आता संपलं, आता आपल्यात शेळ्या बांधतील. शेळ्या नाही, पण केळीचे घड बांधणाऱ्या बाया आल्या. पहाटे बागेत जायचं, दुपारी परत यायचं. हसणं, भांडणं, भाकरीचा वास. खोटं कशाला बोलू, यात्रेपेक्षा हेच मला जास्त मानवलं.

आणि वर्षातून एकदा मी मुराळी होते. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा लेकींचा सण. सासरच्या लेकीला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात. नानांनी एकदा मनावर घेतलं की गावातल्या सगळ्या लेकींचा मुराळी आपली बस. तेव्हापासून आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही सोनगीर, धुळं, चाळीसगाव असा फेरा मारून लेकी गोळा करतो. सोबत नानांच्या आई, इंदिराबाई. सगळा गाव त्यांना अक्का म्हणतो. त्यांच्याशिवाय ही बस हलत नाही, असं अक्कांचंच मत आहे.

आता दुखणं सांगते. केळीच्या ओल्या कचऱ्यातून आणि चिखलातून फिरून माझा सायलेन्सर गंजला. आधी सुईएवढं भोक पडलं. नानांनी खालून कसाबसा तेलाच्या डब्याचा पत्रा लावून तार गुंडाळली आणि म्हणाले, ‘‘चालते ना? मंग चालू दे.’’ भोक मोठं होत गेलं, पत्रा बदलत गेला. माझा आवाज असा झाला की मी नदीपलीकडे असतानाच गावातल्या आया चुलीवर तवा ठेवायच्या. मला तर त्याचा अभिमानच वाटू लागला होता. आपला काय रुबाब आहे, असं वाटायचं.

पण खरी गंमत बसच्या आत झाली. थंडीच्या दिवसांत बागेत जाणाऱ्या बायांच्या लक्षात आलं की माझ्या चालायच्या वाटेत एका जागी जमीन छान गरम लागते. गुडघे शेकून निघतात. वर बसलं की डुलकी येते. झालं! धुरपदाबाईची पाठ तिथे बरी झाली, कुणाची कंबर बरी झाली. शेवटी अक्कांनी त्या जागेवर हक्क सांगितला. नानांकडून एक लोखंडी पेटी करून घेतली, हलू नये म्हणून जमिनीला चहूबाजूंनी वेल्डिंग मारून घेतली आणि वर गोधडी टाकून बसू लागल्या. वैशाखात रावेरला डोक्यावर पापड भाजतील असं ऊन असतं, तरी अक्का त्याच पेटीवर! औषध सोडायचं नसतं म्हणे.

मित्रांनो, ती पेटी बरोबर झाकणावर बसली होती. खाली मातीच्या जुन्या थरात झाकण आहे, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण?

या वर्षी आखाजी तोंडावर आली आणि सोनगीरहून फोन आला. नानांची लेक डिंपल तिथे दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून ते धुळ्यातच झालं. मुलगी झाली. अक्कांनी पणतीला नुसतं मोबाइलवर पाहिलं होतं आणि आखाजीला ती मांडीवर येणार म्हणून त्यांचे दिवस जाता जात नव्हते. फोनवर डिंपलच्या सासूबाई होत्या, भिकुबाई. त्या थेट मुद्द्यावर आल्या.

‘‘याही, तुमनी मोटरना आवाज कितला शे! अन् धूर? त्यामा मनी नातले मी नही धाडाव. पहिले मोटर नीट करा, मंग मायलेकले धाडसू.’’

मला राग आला. पण मागच्या आखाजीला माझ्या आवाजानं त्यांच्या म्हशीनं दावं तोडलं होतं आणि ती सोनगीरच्या किल्ल्याच्या दिशेनं गेली ती दुपारी सापडली, हेही खरं. बाई खरं बोलल्या, म्हणून जास्त झोंबलं.

भाड्यानं लहान गाडी करू, असं कुणीतरी सुचवलं. नाना उसळले. ‘‘गावच्या साऱ्या लेकी माह्या बसनं येतीन, अन् माही लेक भाड्याच्या गाडीत? लोक काय म्हन्तीन?’’

तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी मला धनसिंगच्या गॅरेजवर नेलं. धनसिंग रावेर रस्त्यावरचा जुना मेकॅनिक, बोलायला गोड, शिव्या फक्त नटबोल्टांना देतो. त्यानं मला खड्ड्यावर उभं केलं, स्टेपनी उतरवली, टाकी काढून बाजूला ठेवली आणि खालून हात घातला. मागचे नट निघाले. पुढचे मात्र त्या बेचक्यात असे दडले होते की पाना लागायचा, पण फिरायला जागा नव्हती. त्यानं उताणं होऊन पाहिलं, कुशीवर होऊन पाहिलं, एकदा तर डोकं अडकवून घेतलं. दुपार झाली. मलाच त्याची दया आली.

अक्का या सगळ्या वेळात बसमध्येच, आपल्या पेटीवर. दुरुस्ती नीट होते की नाही हे पाहायला कुणीतरी हवंच ना! धनसिंगनं खालून छिन्नी लावून हातोडा हाणला, तसा त्यांच्या तळपायांना हादरा बसला आणि त्या ओरडल्या, ‘‘हयू मार रे बापा! माह्या तयपायाले लागते ना.’’

खालचा हातोडा थांबला. धनसिंग खड्ड्यातून बाहेर आला, मान चोळत माझ्या पायऱ्या चढला आणि पेटीकडे बघत राहिला. पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला.

‘‘नाना,’’ तो म्हणाला, ‘‘असा डबा बसवणारा माणूस वरून जागा ठेवल्याशिवाय राहत नाही. झाकण या पेटीखाली आहे. पेटी कापावी लागेल.’’

‘‘पेटी?’’ अक्कांनी गोधडी दोन्ही हातांनी धरली. ‘‘माह्या गुडघ्याले याचाच शेक लागतो. हे उपटलं तं मी कुठी बसू?’’

‘‘अक्का, तो शेक नाही. सायलेन्सर फुटलाय, त्याची आच आहे. अन् ती डुलकी लागते ना, ती धुरामुळे.’’

‘‘काय बी सांगू नको. धूर असता तं दिसला नसता का? या पेटीत मी पणतीचं झबलं-टोपडं ठेवलं. आखाजीसाठी सोता शिवलं. पाह्य कसं पांढरं शुभ्र हाये!’’ असं म्हणून त्या उठल्या, पेटीचं झाकण उघडलं आणि पिशवीतून झबलं ओढून काढलं.

झबलं काळं होतं. एका बाजूनं राखाडी, दुसऱ्या बाजूनं काजळ. टोपड्याची नाडीसुद्धा काळी. अक्कांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, बोटानं पुसून पाहिलं, तर बोट काळं झालं. नाना खाली बघत उभे होते. आणि खरं सांगते मित्रांनो, मलाही पहिल्यांदाच माझ्या रुबाबाची लाज वाटली. त्या गरम जागेवर बाया लेकरं मांडीवर घेऊन बसत होत्या.

अक्का खाली उतरल्या. गोधडी काखेत मारली आणि धनसिंगला म्हणाल्या, ‘‘काप.’’

मग काय, ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या, पेटी निघाली आणि खाली माझं झाकण! धुळ्याच्या मिस्त्रीनं ठेवलेलं, चारही बोल्टांसकट. तेल पाजून पाजून ते सुटले. वरून पाना सरळ नटावर बसला आणि सकाळपासून हटून बसलेले नट मुकाट्यानं फिरले. जुना सायलेन्सर बाहेर आला तो अर्धा हातात आणि अर्धा खड्ड्यात. नवा बसला, पॅकिंग लागलं, पट्टे आवळले, टाकी आणि स्टेपनी जागेवर गेली. नानांनी किल्ली फिरवली. काही ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा फिरवली, तसा स्टार्टर कर्रकन किंचाळला. ‘‘नाना, चालू आहे ती!’’ धनसिंग हसत ओरडला. नाना पहिल्यांदाच माझ्यासमोर लाजले.

पेटी परत जोडायची, तर अक्कांनी सांगितलं, वेल्डिंग नको, बोल्ट लाव, उद्या पुन्हा काढावी लागली तर? धनसिंगनं त्यांना गुडघ्यांसाठी गरम पाण्याची पिशवी घ्या म्हटलं. ‘‘तुह्या पिशवीले ते सुख न्हाई,’’ अक्का म्हणाल्या, पण मान डोलावली.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही उजाडताच निघालो. सोनगीरला भिकुबाई रस्त्यावरच उभ्या होत्या, हाताची घडी घालून. मी त्यांच्यापुढे जाऊन थांबले. म्हैस शांतपणे कडबा खात राहिली. भिकुबाईंनी माझ्या मागे जाऊन धूर पाहिला, मग आत चढल्या, वाटेतल्या जमिनीवर हात टेकला, वास घेतला. परीक्षा म्हणजे परीक्षा! शेवटी खाली उतरल्या, सुनेच्या हातून बाळ घेतलं आणि स्वतः अक्कांच्या मांडीवर ठेवलं. ‘‘संभाळीसन लई जा, माय,’’ एवढंच म्हणाल्या, पण डोळे भरले होते. फोनवरचा राग मी तिथेच सोडून दिला.

अक्कांनी पिशवीतून ते झबलं काढलं. चार वेळा धुतलं होतं, तरी डाग गेले नव्हते. त्यांना ते दाखवायचीही लाज वाटत होती. डिंपल मात्र खळखळून हसली. ‘‘अक्का, बरंच झालं की! आता वेगळी तीट लावायला नको.’’ आणि तिनं तेच झबलं लेकीला चढवलं.

धुळ्याला लेकी चढल्या, चाळीसगावला चढल्या. आखाजीच्या झोक्यावरची गाणी सुरू झाली. दर वर्षी त्या माझ्या आवाजाच्या वर आवाज चढवून गायच्या आणि रावेर येईपर्यंत घसे बसायचे. या वर्षी हलक्या आवाजात गायल्या आणि मला पहिल्यांदा गाण्याचे शब्द कळले. बाळ सगळ्या वाटेत झोपलेलं.

ऊन उतरता उतरता आम्ही गावात पोचलो, तर पारावर चिटपाखरू नाही! दर वर्षी तिथे अख्खा गाव उभा असतो. मग लक्षात आलं, मी आले हे कुणाला कळलंच नव्हतं. लेकी एकमेकींना गप्प करत उतरल्या आणि दबक्या पावलांनी आपापल्या घरी गेल्या. मग एकेका दारातून किंकाळ्या येऊ लागल्या. ‘‘वो माय! कव्हा आली वो तू?’’ कुणाचे हात पुरणात, कुणाचे सांजोऱ्यांच्या पिठात, आणि लेक अचानक उंबऱ्यात. असं स्वागत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

डिंपल उठायला लागली, नानांनी मला बंद केलं, आणि त्या शांततेत बाळ दचकून जागं झालं. असं रडलं, असं रडलं!

‘‘चालू कर रे, चालू कर तिले!’’ अक्का घाईनं म्हणाल्या. नानांनी किल्ली फिरवली. मी हळू आवाजात घुरघुरू लागले आणि बाळानं दोन हुंदके देऊन डोळे मिटले. मित्रांनो, आजवर मला सगळे म्हणायचे, बंद कर बाई एकदाची. चालू राहा, असं मला कुणी कधीच म्हटलं नव्हतं.

हे सगळं मी तुम्हाला सांगतेय ते इथूनच, पारापाशी उभी राहून. डिंपलची आई पिठाच्या हातांनी धावत आली आणि वर चढून बसली आहे. गावच्या बाया एकेक करून चपला पायरीशी काढून, चवड्यांवर येऊन बाळ बघून जात आहेत. अक्का मांडी हलू देत नाहीत, गुडघ्यांबद्दल एक शब्द नाही. नाना मधूनमधून डिझेलच्या काट्याकडे बघतात आणि अक्का नानांकडे.

तेवढ्या वेळात माझं एक मागणं ऐका. तुमच्या घरातलं काही जुनं कुरकुरायला लागलं, यंत्र असो नाहीतर माणूस, तर त्याची सवयच आहे म्हणून सोडून देऊ नका. वाकून बघा, कुठे दुखतंय ते. आणि ज्याला पुढे कधी ना कधी हात लावावाच लागेल, त्याच्यावर पेटी जोडून बसू नका. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही फक्त आवाज करतो.

आता जा, पण हळू जा. पायरीवर पाय आपटू नका.