रक्तमुळीला ऊन सोसत नाही

"आईचे गुडघे दुखतात म्हणून आणली ना मी खाली!" ड्वाइट तोंड वर करून सांगत होता. "आता डोंगर चढायला नको. दारातच लावलीय, मक्याशेजारी. माती बघ कसली काळीभोर आहे!"

"दादा, तुझं डोकं आहे का खोकं?" रेनी त्याच्या अंगावरच गेली. "मका आहे का तो? रक्तमुळी आहे! झाडाखाली राहते ती. ऊन सोसत नाही तिला!"

वाफ्यातली पानं करपून गेली होती. हात लावला की चुरा. वसंतात डोंगरावर हीच पानं कोवळ्या देठाला शालीसारखी लपेटून वर आली होती आणि मधून पांढरं फूल डोकावत होतं. फुलाचं कुणाला काही पडलेलं नसतं म्हणा. ते दोन दिवसांत गळतं. नाव पडलंय ते मुळामुळे. मोडलं की त्यातून रक्तासारखा लालभडक रस येतो, आणि इथल्या चेरोकी जमातीच्या बायका टोपलीच्या कामट्या त्यातच रंगवतात.

रेनीला तोच रंग पाहिजे होता. हिवाळ्यात तिने शाळा सोडली, तेव्हापासून ती ओडेसामावशीच्या मागे लागली होती, मला टोपलीची दुहेरी वीण शिकव म्हणून. अख्ख्या खोऱ्यात ती वीण आता फक्त मावशीला येत होती. आणि मावशीची अट एकच. "आधी रंग आण. स्वतः शोधून, स्वतः उकळून. मग विणायला बस."

आता रंग आणायचा कुठून? मावशीच्या या तिशीतल्या दिवट्या पोराने सगळा उतार उकरून खाली आणला होता.

"सगळी नाही काढली," ड्वाइट पुटपुटला. "असतील एखाददुसरी."

रेनी तडक डोंगर चढली.

उंच झाडांखाली दुपारीही सावली गच्च होती. तिची नजर घारीसारखी. पाचोळ्यातून वर आलेलं ते हाताच्या पंजासारखं पान तिने लांबूनच ओळखलं. एक. थोडं वर दुसरं. पडलेल्या ओंडक्यामागे तिसरं. मग ओढा ओलांडून पलीकडे गेली, गुडघ्यावर बसून पाचोळा चाळला, पुन्हा अलीकडे आली.

चौथं नव्हतंच.

आणि पहिल्या तिन्हींना हात लावायचा नसतो. तीन सोडायची, चौथं घ्यायचं. हे चेरोकी पोराला चालायला लागल्यापासून माहीत असतं. रेनीने ओंडक्यामागच्या त्या तिसऱ्याचं देठ मुठीत धरलं. कोण बघतंय इथे? तिने जोर लावायला सुरुवातही केली. मग शिवी हासडून देठ सोडून दिलं. शिवी ड्वाइटला होती.

खाली येऊन तिने फावडं उचललं. तो मेलेला वाफा तिला डोळ्यांसमोर नको होता. पहिलाच घाव घातला आणि पात्यावर लाल ओघळ आला.

ती थबकली. वाकून हाताने माती बाजूला केली. मूळ बोटासारखं जाडजूड, टणक होतं. पानं जळली होती, पण खाली मुळं जिवंत होती. सगळीच! बघता बघता बादली भरत आली.

"बघ! उगाच बोंबललीस," ड्वाइटला आता चेव चढला. "उकळ की आता. उपटलेलीच आहेत, चौथं-बिवथं काही बघायला नको. पातेलं आणू?"

बोलत होता ते खोटं नव्हतं. रेनीने पाणी भरलं, चूल पेटवली. बादलीभर मुळं म्हणजे अख्ख्या टोपलीचा रंग. उद्या सकाळीच मावशीसमोर बसता आलं असतं.

तिने एक मूळ हातात घेतलं. टोकाला फिकट, टोकदार कोंब होता. पुढच्या वसंताची तयारी करून बसला होता गुपचूप. ती त्याच्याकडे बघत राहिली. वरच्या उतारावर तीनच उरली होती. आता जी कुणी रंगासाठी वर जाईल, ती तीन मोजेल आणि रिकाम्या हाताने परत येईल.

पाण्याला आधण आलं. रेनीने पातेलं उचललं आणि चुलीवरच ओतलं. फस्स करून राख उडाली.

"अगं वेडी झालीस का?"

"कुदळ घे."

"कुठे?"

"वर. तू काढलीस ना? तूच लावायची. आणि मी सांगेन तिथेच, नाहीतर त्याच खड्ड्यात तुला लावीन."

दोघं परतली तेव्हा उन्हं कलली होती. ओडेसामावशी ओट्यावर वेळू चिरत बसली होती. तिने मुळांचा रस वाळून नारिंगी झालेल्या रेनीच्या हातांकडे पाहिलं.

"रंग?"

"वर आहे. जमिनीत."

"म्हणजे आणला नाहीस."

"नाही आणला. उतार भरू दे, मग चौथं घेईन."

"वर्षं जातील त्यात."

"जाऊ देत."

"शाळेत चार महिने नाही टिकलीस तू," मावशी म्हणाली. "बुड टेकत नाही तुझं एका जागी."

रेनीचं डोकं सटकलं. "शाळेचं काढू नकोस! मी हलणार नाहीये इथून. रोज येईन, रोज इथे बसेन, तुझे हात बघेन. घालव मला, बघू कशी घालवतेस ते!"

मागे ड्वाइट फिस्सकन हसला. मावशी हसली नाही.

"अट म्हणजे अट," ती म्हणाली. "रंगाशिवाय वीण नाही."

"नको देऊस."

मावशीने हातातला सुरा उलटा धरला आणि मूठ रेनीपुढे केली. "वेळू चिरायला शिकण्यातच माणसाची वर्षं जातात. सरक इकडे. आणि अंगठा आत ठेव, कापून घेशील."

रेनी बसली. पहिलीच कामटी मधूनच तुटली. तिने दुसरा वेळू ओढला.