काकांच्या रक्ताची साक्ष

व्यापाऱ्यानं द्राक्षाचा घड उन्हात धरून बघितला आणि नाक मुरडलं. "माल आंबट आहे. भाव पडणार."

"न खाताच आंबट?" काका भडकले.

काका म्हणजे आमचे शेजारी. सगळा जन्म बागेत गेला आणि म्हातारपणी साखरेचा आजार जडला. गेल्या वर्षी पायाचं एक बोट कापावं लागलं, तेव्हापासून त्यांच्या दंडावर रक्तातली साखर मोजणारं एक बटण चिकटवलेलं असतं. साखर चढली की घरात काकूंचा फोन कोकलतो. एवढा पहारा आमच्या गावात चोरांवरही नाही.

काकांनी तो घड हिसकावला आणि बघता बघता फस्त केला. "साखर आहे नुसती!"

"तुमचाच माल, तुम्ही गोडच म्हणणार."

"मग अर्धा तास थांबा. माझं रक्त सांगेल."

आम्ही तिघं पालथ्या क्रेटवर बसून राहिलो. व्यापारी घड्याळ बघत होता, काका घराच्या वाटेकडे. शेवटी काकू पिठाचे हात तसेच घेऊन धावत आल्या.

"दोनशे साठ! अहो, काय गिळलंत?"

"बघा!" काका व्यापाऱ्यावर गरजले. "सकाळी एकशे तीस होती. आंबट मण्यांनी एवढी चढते?" बायकोच्या शिव्या इतक्या आनंदानं खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"बोट गेलं, आता पाय घालवायचाय का?" काकू कळवळल्या.

व्यापारी मात्र पक्का. "बागेची ही बाजू गोड, मान्य. ओढ्याकडची?"

काकांचा हात लगेच वेलीकडे गेला. काकूंनी त्यावर फटका मारला.

"हा माझा नवरा आहे, तुमचं यंत्र नव्हे. ओढ्याकडची तुम्ही खा." आणि त्यांनी तिकडचा एक घड तोडून व्यापाऱ्यासमोर धरला.

व्यापारी दोन पावलं मागे सरला. घाईघाईनं बाही खाली ओढू लागला, पण आम्हाला दिसायचं ते दिसलं. त्याच्याही दंडावर तस्संच बटण होतं.

"लेक बघत असते फोनवर," तो पुटपुटला.

"मग आंबट कोणाच्या जिभेनं म्हणालात?" काकूंनी विचारलं.

त्यानं मुकाट्यानं सगळी बाग गोडाच्या भावानं घेतली.

तो गेल्यावर काका खुशीत काकूंच्या कानाशी लागले. "फसला गं बिचारा. ओढ्याकडची खरंच आंबट आहेत."

काकू चालता चालता थांबल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"