आजीच्या नावाची रिकामी फाइल

मी हार्डडिस्क. आंजीतल्या योगेंद्रच्या स्टुडिओत, टेबलाखालच्या संगणकात असते. मला या माणसाची किळस येते.

धुळीचा कणही चालत नाही अशा कारखान्यात माझा जन्म झाला. इथे माझ्या डब्यावर तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्या आहेत. संगणक बंद करायचा तर हा पायाच्या अंगठ्याने बोर्डाचं बटण दाबतो. लाइट गेल्यावर सावरायला वेळ मिळावा म्हणून एक बॅटरी होती. तीही काढून याने फवारणीच्या पंपाला लावली.

"काई होत नाई," तो गिऱ्हाइकांना सांगतो. "लाइट गेली तरी मशीन आपोआप उठते."

उठते, हे खरं. फायलींची मांडणी बदलण्याआधी माझ्यावर तशी नोंद होते. मध्येच वीज गेली, तर त्या नोंदीवरून मांडणी पुन्हा नीट लागते. पण नोंद असते फायलीच्या नावाची, जागेची. आतला ऐवज माझ्यापर्यंत पोचलाच नसेल, तर मी तो आणू कुठून?

उन्हाळ्यात जागृती तिच्या आजीला, सीताबाईंना, घेऊन आली. आईकडून शिकलेल्या, बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्या सीताबाई गायल्या. योगेंद्रने त्या रेकॉर्डरवरच लावून ऐकवल्या. आवाज खणखणीत होता. जागृती रडली.

त्या गेल्यावर त्याने ओव्या माझ्याकडे पाठवल्या. पडद्यावर 'झालं' असं आलं, पण ओव्या अजून संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतच होत्या. याने लगेच रेकॉर्डर पुसला. तेवढ्यात लाइट गेली. संध्याकाळी त्याच रेकॉर्डरवर याने लग्नाचा बँड भरला.

काही दिवसांनी दोघी गाणं न्यायला आल्या. फाइल होती. नाव होतं, लांबी होती. आत नुसती शून्यं.

"दादा, काऊन वाजून नाई राह्यलं?" जागृतीने विचारलं.

लाइट गेलती, हे त्याला पक्कं आठवत होतं. तरी खर्रा गालात सरकवून तो म्हणाला, "मशीन तं बराबर हाये. आजीचाच आवाज बसला होता त्या दिवशी."

"आपण आयकलं ना, दादा!"

"थोडंसं आलतं. इकडं उतरलं नाई."

सीताबाई उठल्या. "असन. माह्याच गळ्यात दम नाई राह्यला."

"आजी, पुन्हा म्हणजो ना. मोबाइलवर घेऊ."

"नाई वो माय. आता नाई म्हणत मी."

नंतर योगेंद्रने ती फाइलही काढून टाकली आणि चहा मागवला.

मला त्याच्या पिचकाऱ्या चालतील, ती थाप नाही चालत. पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे. आंजीला गेलात तर सीताबाईंचं घर विचारा, त्यांच्याजवळ बसा आणि सांगा, 'आजी, तुमचा आवाज बसला नव्हता.'