गाळातलं इंजिन

त्या उन्हाळ्यात जांभुळटोल्याच्या तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दगडी दार, दुरुस्तीला काढलं. तुडुमाच्या जुन्या दगडांतून पाणी झिरपून खालच्या धानाच्या बांध्या बारमाही चिखलात राहायच्या, म्हणून गावाने तलाव पार रिकामा करायचं ठरवलं. पाणी ओसरलं, गाळ उघडा पडला आणि उरलेल्या डबक्यांत मासोळी धरायला गावचे ढीवर उतरले. तुडुमापाशी, जिथे तलाव सर्वांत खोल, तिथे त्यांतल्या लटारूच्या पायाला काही लोखंडी लागलं. त्याने हाताने गाळ सारला, तर मोटारीच्या टपाची कांब वर आली.

लटारू तिथेच चिखलात बसला, असं लोक सांगतात. गाडी कोणाची, हे त्याला ओळखू आलं होतं.

गाडी जुन्या ठेकेदाराची. या मुलखातला सागवान चांद्याला धाडणारा तो मोठा ठेकेदार, आणि त्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता लटारूचा थोरला भाऊ इस्तारी. ढिवराच्या घरचा माणूस मोटार हाकतो, याचं तेव्हा सगळ्यांना अप्रूप होतं. लढाईच्या दिवसांत, पोळ्याच्या आसपास, पाऊस लागून राहिला असताना इस्तारी गाडी घेऊन चांद्याहून निघाला आणि घरी आलाच नाही. गाडीही आली नाही. ठेकेदाराने चहूकडे माणसं पाठवली. कोणी म्हणालं, त्याला सिरोंच्याच्या बाजारात पाहिलं. कोणी म्हणालं, गोदावरीपल्याड गाडी विकून त्याने दुसरी बायको केली. ठेकेदाराने लटारूला लाकडाच्या डेपोत डांबून मार दिला आणि भावाचा पत्ता विचारला. लटारूजवळ सांगायला काही नव्हतं. पुढे ठेकेदार वारला. चोराचं घर हे नाव तेवढं मागे राहिलं.

इस्तारीची बायको देवकाबाई कपाळाला कुंकू लावत राहिली. नवरा पळाला असेल, पण कुठे तरी जिवंत आहे, एवढं तिने मनाशी धरलं होतं. त्याच आशेवर तिने मासोळी विकून, धानाच्या रोवण्या करून लेकीला, कमळाला, वाढवलं आणि तिचं लग्न लावून दिलं.

हेल्यांच्या जोड्या जुंपून गाडी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ओढली तेव्हा सारं गाव जमलं. आत नुसता गाळ. हाड नाही, कपडा नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार मात्र उघडं होतं, आणि त्या उघड्या दारावरून गावात दोन तट पडले. एक म्हणत, पाळीवरून रस्ता जातो, पावसात गाडी घसरली, बिचारा बुडाला. दुसरे म्हणत, गाडी पचणार नाही हे कळलं म्हणून त्याने ती लोटून दिली आणि मोकळ्या हाताने निघून गेला. देवकाबाई त्या दाराकडे पाहत उभी राहिली आणि घरी गेली.

ठेकेदाराचा मुलगा गुणवंतराव आता कारभार पाहत होता. त्याने गाडी घरामागच्या गोठ्यात ओढून आणवली आणि वरोऱ्याहून उमाजी मिस्त्रीला बोलावणं धाडलं. उमाजीने लढाईत लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त केल्या होत्या. गुणवंतरावाचं म्हणणं असं होतं की बाकी गाडी गेली, पण इंजिन गाळात दडून राहिलं, त्याला हवा लागली नाही. निघालं तर लाकूड चिरायच्या आऱ्याला लावू.

उमाजीने गोठ्यात पाय ठेवला तेव्हा बाहेर रखरखीत ऊन होतं. गाडी काढून बरेच दिवस झाले होते, तरी तिच्याखाली जमीन ओली होती. कुठून तरी थेंब पडत होता. त्याने चारी बाजूंनी पाहिलं, पाणी कुठून येतं ते सापडलं नाही. गाळ भरला असेल कुठे, असं म्हणून त्याने हत्यारं काढली.

इंजिनावरचं जड झाकण, ज्याला मिस्त्री लोक हेड म्हणतात, ते बोल्टांच्या ओळींनी आवळलेलं होतं. गंजाने बोल्टांची मुंडकी गोल झाली होती. पाना लावला की सरकायचा. उमाजीने घाई केली नाही. गंजलेल्या बोल्टाशी जोर केला की मुंडकं हातात येतं आणि धड आत राहतं, हे तो जाणून होता. त्याने तारेच्या ब्रशने प्रत्येक बोल्ट घासला, मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, आणि मोहाच्या बियांचं तेल एकत्र करून मुळाशी सोडलं आणि मुरू दिलं. मग हातोडीने हलके ठोके देत राहिला. ठोक्याचा आवाज बदलला की समजायचं, गंज सुटू लागला.

देवकाबाई दुसऱ्या दिवशी आली. गोठ्याच्या खांबाला टेकून बसली. उमाजीला वाटलं, कुठली मजूर बाई असेल, सावलीला आली असेल. त्याने पाणी मागितलं, तिने घागरीतून दिलं. तिसऱ्या खेपेला ती आली तेव्हा लटारू बरोबर होता. त्याने ती कोण ते सांगितलं. त्यानंतर उमाजीचा हात जरा जपूनच चालू लागला. आपण कोणाच्या तरी घरात शिरून काही उघडतो आहोत, असं त्याला वाटायचं.

एका दुपारी तो ओळीतल्या कडेच्या बोल्टावर ठोके देत होता. दोन ठोके देऊन तो थांबला, कान दिला. आतून दोन ठोके आले.

तापलेलं लोखंड निवताना वाजतं, हे त्याला माहीत होतं. पण त्या दिवशी त्याने लोखंड तापवायचा झोताचा दिवा पेटवलाच नव्हता. त्याने पुन्हा एक ठोका दिला. आतून एक आला, बोटाच्या पेराने दारावर वाजवावं तसा. उमाजीने हातोडी खाली ठेवली आणि हात धोतराला पुसले. मागे वळून पाहिलं तर देवकाबाई उठून उभी राहिली होती.

“तुमीनं आयकलं ना, भाऊ?” तिने विचारलं.

उमाजी म्हणाला, आत पाणी असेल, हवा कोंडली असेल. ती जवळ आली आणि पहिल्यांदाच तिने गाडीला हात लावला. मग खाली बसून ती बोलली ते उमाजी पुढे कधी विसरला नाही.

“इतके वर्सं मी याच तलावात जाळं टाकलं. याच तलावाची मासोळी रांधली. पोरीले चारली, मी खाल्ली. अन् तो जर इथीच होता, तं मी काय खाऊन राह्यली होती, भाऊ?”

उमाजीने हत्यारं गोळा केली. त्या दिवशी त्याने काम तिथेच थांबवलं. गावात कोणीच आता त्या तलावाची मासोळी खात नव्हतं, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. गुणवंतरावाच्या घरीही त्याला रोज वरणभातच वाढला जात होता.

पुढचे दिवस त्याने दिव्याच्या झोताने बोल्ट तापवले, लगेच तेल सोडलं, पुन्हा तापवले. काही बोल्ट कण्हल्यासारखा आवाज करत फिरले. काही तुटले. तुटलेल्यांच्या बुडख्यांना छन्नीने खाच पाडून, कडेकडेने ठोकत त्याने ते उलटे फिरवले. जे तरीही हलेनात ते बरम्याने पोखरून काढले. आतून पुन्हा ठोका आला नाही. पण प्रत्येक बोल्ट सुटताना तो श्वास रोखून धरी, आणि खांबाजवळ बसलेली बाईही तसंच करते, हे त्याला न पाहता कळे.

शेवटी लटारूला दुसऱ्या बाजूने धरायला लावून त्याने हेड उचललं. खाली काळा, मऊ गाळ होता. तलावाचा वास साऱ्या गोठ्यात पसरला. उमाजीने तो गाळ हातानेच काढला, चिंधीने सिलिंडर पुसले आणि पाहतच राहिला.

चार पिस्टन. त्यांतल्या दोन-दोनांची जोडी. जोडीतले दोघं नेहमी एका उंचीवर असतात. इथे मधल्या जोडीतला एक त्याच्या जोडीदारापेक्षा खाली बसला होता, अंगठ्याएवढा.  गाडीखाली शिरून उमाजीने तेलाच्या चेंबरचे बोल्ट सोडायला घेतले. खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. चेंबर खाली आलं तेव्हा त्याने आत हात घालून दांडा चाचपला, पिस्टनला धरून ठेवणारा. तो वाकला होता, कोपरातून वाकवलेल्या हातासारखा.

बंद इंजिन पाण्यात पडलं तर वर्षानुवर्षं बुडून राहिलं तरी दांडा सरळ राहतो. चालतं इंजिन बुडालं तर ते पाणी ओढून घेतं. पाणी दबत नाही, आणि पिस्टनचा जोर दांड्यावर येऊन तो वाकतो. इस्तारीने गाडी लोटली नव्हती. गाडी पाण्यात गेली तेव्हा इंजिन जोरात चालू होतं, म्हणजे पाय पेडलवर होता आणि गाडी हाकणारा तिच्यात होता.

उमाजी गाडीखालीच पडून राहिला. बाहेर देवकाबाईचे पाय दिसत होते. त्याच्या मनात आलं, दांडा गंजून तुटला असं सांगावं, काही कळत नाही म्हणावं. मग हिचं कुंकू राहील. पण मग त्या माणसाचं चोर हे नावही राहील, आणि लटारूच्या पाठीवरचा मारही तसाच राहील. काय करावं ते त्याला सुचेना.

तिनेच वाकून विचारलं. “भाऊ, लोखंड काय म्हणते?”

तो बाहेर आला. तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने सगळं सांगितलं. तिला कळावं म्हणून हाताचा दांडा करून दाखवला. ती ऐकत राहिली. लटारू गोठ्याच्या दाराशी तोंड फिरवून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

“म्हणजे तो वाटेवर होता, घरी येऊन राह्यला होता,” देवकाबाई म्हणाली.

“हो, बाई. घरीच येऊन राह्यला होता.”

तिचा हात कपाळाकडे गेला आणि मध्येच थांबला. दिवस मावळेपर्यंत राहू द्या, असं ती हळूच म्हणाली, आणि घरी गेली. संध्याकाळी लटारूच्या बायकोने तिच्या बांगड्या फोडल्या. त्या घरातून रडण्याचा आवाज आला नाही, असं शेजारचे सांगत.

गुणवंतरावाला उमाजीने त्याच दिवशी सांगितलं. तो उठून एकटाच ढिवरांच्या मोहल्ल्यात गेला आणि लटारूच्या अंगणात जमिनीवर बसला. बापाने केलं ते चूक होतं, एवढंच त्याला बोलता आलं. लटारूने त्याला पाण्याचा लोटा दिला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि गुणवंतरावानेही ते मागितलं नाही.

ढिवरांनी तुडुमाजवळचा गाळ खोल खणून पाहिला. काहीच सापडलं नाही. मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला पाळीवर अग्नी दिला. कमळा आली होती. बाप तिला आठवतही नव्हता. ती आईला धरून उभी राहिली. तुडूम नवं झालं, आणि त्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला.

उमाजी दसऱ्यानंतर परत आला. वरोऱ्याला खरादावर त्याने नवे बोल्ट कातून घेतले होते आणि नागपूरच्या भंगारातून त्याच बनावटीच्या गाडीचा दांडा मिळवला होता. त्याने आटे साफ केले, बोल्टांना ग्रीस लावलं आणि मधून कडेला जात, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा, असे थोडे थोडे करून आवळले. गोठ्यातली जमीन आता कोरडी होती. तरी काम करताना तो मधूनच हात थांबवून ऐकायचा.

दिवस कलला असताना त्याने हँडल मारलं. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि चालू झालं. धूर निवला, आवाज एकसारखा झाला. गुणवंतराव गोठ्याबाहेर आला आणि आत न येता तिथेच उभा राहिला. थोड्या वेळाने लटारू धावत आला. वहिनीने मिस्त्रीला बोलावलं आहे, म्हणाला.

उमाजी इंजिन चालूच ठेवून गेला. देवकाबाईच्या दारात पोचला तर ती चुलीपुढे बसली होती. चुलीवर भाताचं गंज, म्हणजे पातेलं, होतं. इंजिनाचा आवाज तिथवर साफ येत होता. ती त्याच्याकडे न पाहता बोलू लागली. तेव्हा गाडी पाळीवर चढली की इथे आवाज यायचा, आणि ती भात टाकायची. तो गाडी ठेवून, हातपाय धुऊन, चालत घरी येईपर्यंत भात व्हायचा. आज आवाज आला आणि तांदूळ कधी धुतले, गंज कधी ठेवलं, हे तिला कळलंच नाही.

 चूक झाली, बाई, आत्ता जाऊन बंद करतो, असं म्हणून उमाजी वळला.

“नोका करू,” ती म्हणाली. “भात शिजू द्या.”

तो उंबऱ्यावर बसला. लटारू अंगणात उभा राहिला.  तिकडे इंजिन चालत होतं, इकडे गंजावरची झाकणी हलत होती. मग पाणी आटलं, वाफ मंद झाली. देवकाबाईने चुलीतली लाकडं मागे ओढली, भाताचं शीत बोटांत दाबून पाहिलं.

“आता करा बंद,” ती म्हणाली, “अन् दोघंही जेवाले या.”