बतूलचा कमरपट्टा

लग्नात नवरीने हलायचं नसतं. मोरोक्कोतल्या मेकनेसमध्ये तरी नाहीच. नवरीला सजवणारी नगाफा तिला उंच आसनावर बसवून गेली, की पाहुण्यांनी यावं, वाकावं, गालाला गाल लावावा आणि नवरीने नुसतं हसत राहावं. नुझा तशीच बसली होती. अंगावर लग्नातला तिसरा पोशाख, हिरवी पायघोळ तक्शिता, जरीने अशी लगडलेली की श्वास घ्यायचीही चोरी. पण आज तिला कशाचंच ओझं वाटत नव्हतं. बाबा आले होते! धंद्यासाठी दूर तान्जेर शहरात गेलेला तिचा बाप, जिलाली, ईदलाही घरी फिरकत नसे. फोनवर रडून रडून तिने त्याला बोलावलं होतं.

तो आला, पण एका बाईला घेऊन. "माझ्या भागीदाराची बहीण," असं त्याने सगळ्यांना सांगितलं. बाई ठसक्यात आसनापाशी आली आणि तिची कंबर नुझाच्या बरोबर डोळ्यांसमोर आली.

कमरेला सोन्याचा पट्टा होता. सगळे खडे हिरवे आणि कडेचा एकच लाल.

नुझाने पट्टा ओळखला. तो लाल खडा तिच्यामुळेच तिथे बसला होता. लहानपणी तिने तिथला हिरवा खडा दाताने उपटून गिळला होता, आणि सोनाराकडे जोडीचा मिळेना म्हणून आईने हसत हसत लाल बसवून घेतला होता. पट्ट्याशिवाय तक्शिता म्हणजे दाराशिवाय घर, आणि आईचा पट्टा तर तिच्या माहेरचा. पुढे नुझाच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. बाबांनी डोळे पुसत सांगितलं, पट्टा विकावा लागला. तेव्हापासून प्रत्येक लग्नात आई कापडी पट्टी बांधून जायची, बायका कुजबुजायच्या, आणि नुझा मनात म्हणायची, हे माझ्यापायी.

"सुखी राहा गं पोरी," बाई म्हणाली. "अगदी बाबांवर गेलीस हो!"

बाईच्या मागे नुझाची आई, बतूल, उभी होती, हातात खजुरांचं तबक. तिचीही नजर त्या पट्ट्यावरच खिळली होती. तिने तबक हळूच खाली ठेवलं आणि ती आत निघून गेली.

आसनामागून फतूमा आत्या कानाशी लागली. जिलालीची सख्खी बहीण, पण आवाज रागाने थरथरत होता. "तुझ्या ऑपरेशनचे पैसे माझ्या नवऱ्याने दिले होते गं. भावाची लाज झाकायला मी गप्प बसले. मला वाटलं, जुगारात घालवला असेल मेल्याने पट्टा. हे नव्हतं माहीत!" एवढं बोलून तीही बतूलच्या मागे आत गेली.

थोड्या वेळाने दार उघडलं आणि ढोलकी मध्येच थांबली.

बतूल पांढऱ्यात होती. पायघोळ साधा झगा पांढरा, डोक्याचा रुमाल पांढरा, सपाता पांढऱ्या. जर नाही, दागिना नाही, पट्टा नाही. फतूमा आत्याने नवऱ्यामागे सुतकात घातलेले तेच कपडे. नुझाला वाटलं, आपलं टाके घातलेलं काळीज आता उसवणार.

एका म्हाताऱ्या पाहुणीने सवयीने हात पुढे केला. "अल्ला तुला धीर देवो, बतूल. कोण गेलं गं?"

"माझा नवरा," बतूल म्हणाली.

जिलालीच्या हातातलं बदामाचं दूध सांडलं. "वेड लागलं की काय हिला? हा काय मी, जिवंत!"

नवरदेवाची आई खदूज, जिला सगळे मानाने लल्ला म्हणत, तरातरा पुढे आली. "लग्नघरात विधवेचं पांढरं? माझ्या मुलाला अपशकुन? सूनबाई, तूच सांग हा काय प्रकार आहे, नाहीतर आम्ही सगळे आत्ताच्या आत्ता उठतो!"

"सांग बाळा," जिलाली म्हणाला. आवाजात साखर होती, लहानपणी तिला दवाखान्यात नेताना असायची तशीच. "तू बोलावलंस म्हणून आलो ना मी?"

आई थकली आहे, तिला आत न्या, एवढं म्हटलं असतं तरी लग्न पार पडलं असतं. नुझाने आईकडे पाहिलं. आई काहीच मागत नव्हती. ज्या बापासाठी नुझा इतकी वर्षं झुरली, तो समोर उभा होता, आणि तरी तिला त्याची आठवण येऊन रडू कोसळलं. रीत मोडून ती आसनावरून खाली उतरली.

"माझे बाबा फार चांगले होते, लल्ला खदूज," ती म्हणाली. "माझा जीव वाचवायला त्यांनी आईचा पट्टा विकला होता. त्यात एक खडा लाल होता."

त्या बाईचे दोन्ही हात झटकन कमरेवर गेले.

खदूजने ते हात पाहिले. मग जिलालीकडे पाहिलं. ती बतूलपाशी गेली, तिच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि जिलालीच्या देखत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अल्ला तुला धीर देवो, विहीणबाई."

मग एकेक बाई उठली आणि बतूलपुढे रांग लागली.