मागे सरत वळलेला दोर

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. आकाराने मोठ्या पेरूएवढा, एका टोकाला निमुळता. अंगावर उभ्या तीन खाचा आहेत, तिन्हींमधले अंतर सारखे. शिवाय दोन चिरा आणि एक जळका डाग. तो डाग माझे मालक, दोर वळणारे उस्ताद बदावी यांच्या सिगारेटचा. मला टांगायच्या खिळ्याखाली एक चाक आहे, त्याला तीन लोखंडी आकडे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दगडांनी भरलेली एक बिनचाकांची गाडी आहे, तिला एक आकडा. दोर वळायला एवढेच सामान लागते. बाकी लागते ते मागे चालणारे माणूस.

मित्रांनो, माझा जन्म नाईलच्या मुखाजवळच्या या गल्लीतच झाला. नावेच्या फासळीतून उरलेला तुतीचा एक तुकडा उस्तादांच्या वडिलांनी तासून काढला. मग खाचांमधून बोट फिरवून कुठे खरखर लागते का ते बघितले आणि मला तेल पाजले.

माझे काम सोपे आहे. खजुरीच्या तंतूंचे तीन पेड चाकापासून गाडीपर्यंत ताणलेले असतात. गाडीजवळ मला त्यांच्या मधोमध बसवतात, एकेका खाचेत एकेक पेड. चाक फिरू लागले की पेडांना पीळ चढतो आणि मला ओलांडताच ते एकमेकांना मिठी मारतात. मला धरणाऱ्याचे तोंड दोराकडे आणि पाठ चाकाकडे असते. तो एकेक पाऊल मागे सरतो, आणि आम्ही जेवढे मागे जातो तेवढा समोर दोर तयार होतो. थांबलो तर पीळ साचून दोर काठीसारखा ताठ होतो. घाई केली तर सैल पडतो.

मागे जाण्यासाठी माणसांकडे शब्द पुष्कळ आहेत. सैन्य मागे फिरले तर ती माघार, धंदा बसला तर पीछेहाट, विचार जुने असले तर माणूस प्रतिगामी, आणि आकाशातला ग्रह उलट जाताना दिसला तर तो बिचारा वक्री. यातला एकही शब्द कौतुकाचा नाही. मी मात्र आयुष्यभर मागेच गेलो आणि बंदरातल्या सगळ्या नावा मी वळलेल्या दोरांनी बांधलेल्या होत्या.

नंतर नायलॉन आले. मी खिळ्यावर लटकत राहिलो, सुकलो, आणि दुसरी चीर तेव्हाच पडली. मागच्या वर्षी उस्तादांचे खुब्याचे हाड मोडले. समोरच्या चहावाल्या मुर्सीने आपल्या खुर्च्या गल्लीच्या मध्यापर्यंत सरकवल्या आणि मला दुकानात शोभेला टांगायला मागितले.

तेवढ्यात रईस दसूकी आले. हे मासेमारी नावेचे मालक. दर डिसेंबरात येणाऱ्या कासिमच्या वादळाआधी त्यांना नाव उतारावरून काठावर ओढून घ्यायची होती. नायलॉनचा दोर तुटताना उलटा फटकारला होता आणि त्यात त्यांच्या भावाचा पाय गेला होता.

"मला तंतूचाच दोर पाहिजे, उस्ताद," ते म्हणाले. "वळणार कोण पण?"

"मी वळते," उस्तादांची मुलगी इन्साफ म्हणाली.

रईस उस्तादांकडे बघत राहिले. उस्ताद म्हणाले, "हा दोर टिकला तर चाक राहील. तुटला तर मीच चाक उतरवीन. लोकांचे पाय मोडायला मी बसलेलो नाही."

दुसऱ्या दिवशी इन्साफच्या काकाने, फरहातने, चाक धरले. इन्साफने मला हातात घेतले.

आमच्या गल्लीची एक रीत आहे. दोर वळणारा मागे बघत नाही. तो येताना दिसला की ज्याला दिसेल त्याने ओरडायचे, "पाठ!" आणि वाट मोकळी करायची. उस्तादांसाठी सगळे ओरडत. त्या दिवशी कुणी ओरडले नाही.

"इन्साफ, जपून," मुर्सी म्हणाला. "नाहीतर माझ्या चहाच्या किटलीत बसशील."

खुर्च्यांवरची माणसे हसली. इन्साफने मान वळवली. तेवढ्यानेच मी तिच्या हातात कलंडलो आणि एक पेड ढिला पडला.

संध्याकाळी उस्तादांनी डोळे मिटून तो दोर बोटांतून सरकवला. मध्यावर बोटे थांबली.

"इथे कुणाला बघितलंस?"

"मुर्सीच्या खुर्च्यांना, बाबा."

"खुर्ची लागली तर ढुंगण दुखेल, पोरी. हा दोर तुटला तर कुणाचं काय जाईल?"

इन्साफने पीळ उलगडला, तिन्ही पेड वेगळे केले आणि खाली बसून माझ्या खाचांना तेल लावले.

सकाळी ती पुन्हा मागे चालू लागली. खुर्च्या होत्या तिथेच होत्या. तिची टाच पहिल्या खुर्चीला लागली. ती थांबली नाही. खुर्ची घासत मागे गेली, दुसरीवर आपटली, टेबल कलले आणि चहाचे पेले फुटले. गरम चहा तिच्या पायावरून वाहिला. तिच्या बोटांनी मला आणखी घट्ट धरले आणि मी तसूभरही कललो नाही.

"अगं थांब की बाई," मुर्सी ओरडला. "माझे पेले."

"थांबले तर पीळ साचेल, मुर्सीभाऊ. पेले मागून बघू."

"ही काय माणूस आहे का घाण्याचा बैल?"

"बैल पुढे जातो," चाकावरून फरहात म्हणाला. "आता उचल खुर्च्या."

मुर्सीने खुर्च्या उचलल्या. मग गल्लीत वळणाऱ्या गाढववाल्यावर तोच खेकसला, "पाठ! दिसत नाही का? तिच्या पाठीमागची वाट सोडा!" गल्लीच्या टोकापर्यंत एकामागून एक आवाज उठत गेले, आणि आम्ही चाकापाशी पोहोचलो.

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडाला अधूनमधून तेल द्या, ते जास्त मागत नाही. आणि कुणी पाठमोरे चालत काम करत असेल तर त्याला हाक मारून थांबवू नका. त्याची वाट मोकळी करा.

वादळाच्या आदल्या दिवशी दुपारी नाव उतारावर चढू लागली. वीस माणसे दोराला होती, इन्साफ सर्वांत पुढे. अर्ध्यावर नाव अडली, दोर कुरकुरला. उस्ताद ओट्यावर बसून तो आवाज ऐकत होते. मग नाव पुन्हा हलली आणि काठावर येऊन टेकली.

रईसांनी दोर वाळूवर सरळ पसरला आणि दोन्ही हात पसरून वाव टाकत मोजला. ओढण्याआधी तो अठ्ठावीस वाव होता. आता अठ्ठावीस वाव आणि चार बोटे भरला; फक्त ताणला होता, तुटला नव्हता, म्हणजे चाक राहणार होते.