बायडाबाईच्या तीन म्हशी

मित्रांनो, फुटक्या छत्रीने, बंद पडलेल्या घड्याळाने आणि म्हाताऱ्या वडाने आपापली रडकथा तुम्हाला कधीच सांगून टाकली आहे. आता थोडं माझंही ऐका. मी क्वेरी आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. क्वेरी म्हणजे संगणकात साठवलेल्या माहितीला विचारलेला प्रश्न. मला रंग नाही, रूप नाही, जेमतेम अकरा ओळींचा माझा देह. केजच्या एका दूध संघाच्या संगणकात मी राहते. संघाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर चौकशी माझ्यावरच बसवतील.

माझा जन्म दुष्काळात झाला. विहिरी तळाला गेल्या होत्या, जनावरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. संघाने सभासदांच्या गुरांसाठी कार्यालयामागच्या मोकळ्या जागेत चारा छावणी उघडायचं ठरवलं. ज्याची जितकी जनावरं, तितक्यांचं कार्ड. कार्डासाठी यादी हवी. यादी होती, पण कशी? गावोगावच्या दूध केंद्रांवरून आलेल्या दोन हजार तीनशे ओळी, आणि प्रत्येक ओळ एकाच रकान्यात कोंबलेली. नाव, गाव, गाई, म्हशी, सगळं एका दमात. मध्ये फक्त स्वल्पविराम.

शिवकन्या नावाची एक तरुण बाई तिथे संगणकावर कामाला होती. एका दुपारी तिने मला लिहिलं. स्वल्पविराम दिसला की ओळ तोडायची, एवढंच माझं काम. 'वच्छलाबाई राधाकिशन, केज, २, १' अशी ओळ आली की पहिला तुकडा नावाच्या रकान्यात, दुसरा गावाच्या, तिसरा गाईंच्या, चौथा म्हशींच्या. चारच्या पुढे काही उरलं तर टाकून द्यायचं. आणि आकड्याच्या जागी अक्षरं आली तर तिथे शून्य धरायचं.

शिवकन्येने मला पहिल्या वीस ओळींवर चालवून पाहिलं. त्या वीस ओळी संचालकांच्या आणि त्यांच्या भावकीच्या होत्या. यादीत ही मंडळी वर असतात, हे तुम्हाला सांगायला नको. वीसच्या वीस बरोबर निघाल्या. मग तिने सगळी यादी माझ्यापुढे टाकली. हाताने जे करायला पंधरा दिवस लागले असते ते मी चहा निवायच्या आत करून दिलं. सचिव गहिनीनाथ खूश झाले. अध्यक्ष अर्जुनरावांनी सभेत माझं कौतुक केलं आणि स्वतःचं त्याहून जास्त केलं. मीही फुगले. खोटं कशाला बोलू?

आता आमच्या भागातली एक रीत सांगते. इथे माणूस पोटासाठी गाव सोडतो, पण गावाचं नाव सोडत नाही. कागदावर आधी मूळ गाव लिहितो, स्वल्पविराम देतो, आणि पुढे 'हल्ली मुक्काम' म्हणून जिथे टेकला असेल ते ठिकाण लिहितो. पहिल्या वीस ओळींतल्या लोकांवर गाव सोडायची वेळ आली नव्हती. यादीत खाली मात्र अशा एकेचाळीस ओळी होत्या. त्यांतली एक होती: 'बायडाबाई सटवा, युसूफ वडगाव, हल्ली मुक्काम चौसाळा, ३, १'.

बघा मी काय केलं ते. तिसरा तुकडा गाईंचा. तिथे 'हल्ली मुक्काम चौसाळा' आलं. अक्षरं आली म्हणून गाई शून्य. चौथा तुकडा म्हशींचा. तिथे तीन आले, म्हणून म्हशी तीन. शेवटचा एक उरला, तो टाकून दिला. तीन गाई आणि एक म्हैस असलेल्या बाईच्या कार्डावर मी तीन म्हशी छापल्या.

बायडाबाईची माणसं गुरं राखणारी. दुष्काळ पडला तसा नवरा सटवा मेंढरं घेऊन गंगथडीला, म्हणजे गोदावरीकाठी गेला, आणि ती गुरं घेऊन चौसाळ्याला बहिणीच्या शेतावर जाऊन राहिली. तिथलंही पाणी आटलं. तेवढ्यात वडगावच्या केंद्रावरून निरोप आला की तुमचं कार्ड निघालं आहे. तिने कार्ड घेतलं आणि चार जनावरं हाकत दोन दिवस चालून केजला आली. छावणीचं फाटक आमच्या खिडकीखालीच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

फाटकावर बंकट बसायचा. त्याने कार्ड पाहिलं, जनावरं पाहिली आणि हात आडवा धरला.

"बाई, कार्डावर तीन म्हशी हायेत. तुमच्यापाशी एकच हाय. गाई तर कार्डावर न्हाईतच."

"कार्डाचं मला काय कळतंय, भाऊ? गुरं मोजा की. तुमच्या म्होरंच उभी हायेत."

"मी गुरं मोजाया न्हाई बसलो. कार्ड बघाया बसलोय."

त्या दिवसांत तपासणीची धास्ती होती. खोटी जनावरं दाखवून चारा उचलतात अशी बोंब सगळीकडे होती, म्हणून कागदाशी न जुळणारं जनावर आत घ्यायचं नाही असा हुकूम होता. बंकटने कार्ड जमा करून घेतलं आणि तिला बाजूला व्हायला सांगितलं. रांगेतल्या लोकांनी तिच्याकडे चोराकडे बघावं तसं पाहिलं. जिने आयुष्यात खोटं सांगितलं नव्हतं तिला मी अर्ध्या क्षणात खोटारडी ठरवलं.

गलका ऐकून शिवकन्या खाली गेली. परत आली ती थेट मूळ यादी काढून बसली. बायडाबाईची ओळ वाचली आणि तिचा चेहरा उतरला. मग तिने बाकीच्या चाळीस शोधून काढल्या. सगळ्यांचं तेच झालं होतं. कागद घेऊन ती गहिनीनाथांकडे गेली आणि चूक आपली आहे, आजच्या आज नवी कार्डं काढून देते, म्हणाली. गहिनीनाथांनी दार लोटून घेतलं. यादीवर अध्यक्षांची सही झाली आहे, ती वर गेली आहे, आता एकेचाळीस नावं बदलली तर सगळीच यादी तपासायला मागतील, असं त्यांनी समजावलं. सगळी यादी तपासलेली त्यांना का नको होती, ते मला पुढे कळलं.

"मशीनचं चुकलं म्हणून सांग त्या बाईला," ते म्हणाले. "मशीनला कोण सस्पेंड करतंय?"

मित्रांनो, मी मशीन नाही. मला माणसाने लिहिलं, माणसाने चालवलं आणि माझ्या उत्तराखाली सहीही माणसानेच केली. खापर फोडायला मात्र माझं डोकं बरं सापडलं.

शिवकन्येने ऐकलं नाही. पाच तुकडे निघाले तर थांबून दाखव, अशी एक ओळ तिने माझ्यात घातली. मी चालले आणि एकेचाळीस ठिकाणी थांबले. गहिनीनाथांनी ती ओळ पुसायला लावली, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. घरात आजारी सासू आणि दोन लेकरं होती. तिने ओळ पुसली. मी तिला दोष देत नाही, पण त्या दिवसापासून मला स्वतःची शिसारी येते.

बायडाबाई फाटकाबाहेर तीन दिवस बसली. शिवकन्या तिच्या गुरांना बादलीने पाणी पाजायची. चारा तिच्याकडेही नव्हता. चौथ्या दिवशी बायडाबाईने तिन्ही गाई बाजारात नेल्या आणि मिळेल त्या भावाला देऊन टाकल्या. म्हैस घेऊन ती परत निघाली. म्हैस चौसाळ्याला पोचली नाही, वाटेतच बसली ती उठलीच नाही.

पावसाळ्यात छावणी उठली, आणि कोणी किती दिवस लाभ घेतला ती यादी संघाच्या भिंतीवर डकवली गेली. तीही माझ्याच रकान्यांतून निघाली होती. बायडाबाई दुधाची बरणी परत करायला आली होती. आता दूध कुठलं? शिवकन्येला म्हणाली, एवढी लोकं बघत्यात, माझं बी नाव हाय का बघ बरं. शिवकन्येला वाचायचं नव्हतं. तरी तिने वाचलं. बायडाबाई सटवा, युसूफ वडगाव, म्हशी तीन, दिवस ब्याण्णव.

जमा केलेलं कार्ड रिकामं राहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी अर्जुनरावांच्या पुतण्याच्या तीन म्हशी त्यावर आत आल्या होत्या, आणि ब्याण्णव दिवस बायडाबाईच्या नावाने खात होत्या. कागदाशी अगदी तंतोतंत जुळत होत्या. शिवकन्येने तिला हे सगळं सांगितलं. बायडाबाई ओरडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. बरणी खाली ठेवून तिने एवढंच विचारलं,

"मंग त्या तरी जगल्या का?"

"जगल्या," शिवकन्या म्हणाली.

"बरं झालं. मुकं जनावर हाय," असं म्हणून ती गेली. दोघींपैकी कोणीच माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

मित्रांनो, मी अजून चालते. दर महिन्याला यादी तोडते, आणि पाचवा तुकडा अजूनही टाकून देते. उद्या तुमच्यातलंच कोणी माझ्यासारखी क्वेरी लिहील. जरूर लिहा. पण यादीच्या पहिल्या वीस ओळींवर भुलू नका, खालच्याही वाचा. आणि एखादी ओळ जुळली नाही तर शून्य टाकून पुढे जाऊ नका. खुर्चीवरून उठा, फाटकापर्यंत जा आणि उभी असलेली जनावरं मोजा. चारच होती.